एकच पावशा, दोन कान

मे महिना सरत आला की मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या पायथ्याला पावशा ओरडू लागतो. तेच सूर, पट्टी चढवत चढवत, दिवसा आणि कधी रात्रीसुद्धा. शेतकऱ्याला त्यात ‘पेरते व्हा’ ऐकू येते. राब भाजून झालेला असतो, बियाणे काढून ठेवलेले असते, वाट असते ती फक्त पावसाची. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी मात्र याच पक्ष्याला ‘ब्रेन-फीवर बर्ड’ म्हटले. उकाड्याने जीव नकोसा झालेल्या त्यांच्या कानांना ही न थांबणारी साद डोके उठवणारी वाटली. निसर्गाचे आवाज ऐकले की मनावरचा ताण उतरतो, असे हल्ली वारंवार सांगितले जाते. ते खोटे नाही. पण ते का खरे आहे आणि कुठवर खरे आहे, हे एका पावशाचे असे दोन पक्षी का झाले याचा विचार केल्याशिवाय कळत नाही.

आधी पुरावा पाहू. स्टॉकहोम विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात ४० जणांना तोंडी गणिते घालून मुद्दाम ताण दिला आणि मग कधी कारंज्याचे पाणी व पक्ष्यांचा किलबिलाट, तर कधी वाहनांचा आवाज ऐकवला. ताणात तळव्यांना सूक्ष्म घाम सुटतो, तो यंत्राने मोजता येतो. पाणी-पाखरे ऐकताना शरीर अधिक लवकर पूर्वपदावर येताना दिसले. याचा एक पटण्याजोगा उलगडा असा : कान हा झोपेतही जागा असणारा राखणदार आहे. रानात बिबट्या हलला की वानर ‘खॉक’ करतात, शेकरू खडखडून ओरडते आणि मग आसपासचे पक्षी गप्प होतात. उलट ओढा एकसुरी वाहतो आहे आणि बुलबुल आपल्या नादात बोलत आहेत, याचा अर्थ आसपास सारे ठीक आहे. तो निरोप मिळाला की राखणदार टेकतो. म्हणजे आराम त्या आवाजाच्या गोडव्यापेक्षा त्याने दिलेल्या निर्धास्तपणात असावा.

यावर पहिला आक्षेप शास्त्रीय आहे : चाळीस माणसांवरून सगळ्यांविषयी कसे बोलायचे? आक्षेप योग्य आहे. पण पुरावा तेवढाच नाही. २०२१ साली अशा १८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यातही लाभाचीच दिशा दिसली. पाण्याच्या आवाजाने मन प्रसन्न होण्याला अधिक हातभार लागला, तर पक्ष्यांच्या आवाजाने ताण आणि त्रास कमी होण्याला. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेच्या २०२२ मधल्या प्रयोगात २९५ जणांपैकी काहींना फक्त ६ मिनिटे पक्ष्यांचे आवाज ऐकवले, तेव्हा त्यांची चिंता आणि संशयी वृत्ती कमी झाली. मात्र खिन्नता फारशी हलली नाही. ही मर्यादा ठळकपणे सांगायला हवी. गर्दीच्या लोकलमधून उतरल्यावर जो रोजचा ताण चढलेला असतो, त्यावर हा उपाय आहे, नैराश्यावर नाही. तिथे डॉक्टरच हवा.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. पाणी आणि पाखरे एवढी गुणकारी असतील, तर डोंगराच्या कुशीत राहणाऱ्यांना ताण ठाऊकच नसावा. पण सिद्धगड ज्या भीमाशंकरच्या डोंगररांगेत आहे तिच्यापलीकडे, आंबेगाव तालुक्यात, ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. तेव्हापासून डोंगरउतारावरच्या वाडीत रात्रभर कोसळणारा पाऊस झोप आणीलच असे नाही, उडवूही शकतो. ट्रेकला आलेल्या पाहुण्याला ज्या धारांचा आवाज अंगाई वाटतो, त्याच धारा घरधन्याला उठून बाहेर पाहायला लावतात. हा आक्षेप मूळ मुद्द्याला खोडत नाही, उलट तो नेमका करतो. आवाज निसर्गाचा आहे एवढे पुरत नाही, ऐकणाराही सुरक्षित असावा लागतो. इंग्रज साहेबाला पावशा नकोसा झाला, कारण त्या सादेत त्याला फक्त उन्हाळा ऐकू येत होता. शेतकऱ्याला त्यामागचा पाऊस ऐकू येत होता.

तिसरा प्रश्न व्यवहाराचा : हे प्रयोग ध्वनिमुद्रणांवरच झाले, मग मोबाइलवर पाऊस लावला की भागले, सिद्धगड चढायचा कशाला? खरेच, चढायची सक्ती नाही. कानाला हेडफोन लावून काही मिनिटे ओढा ऐकल्याने फायदा होत असेल तर जरूर ऐकावा. पण स्टॉकहोमच्या प्रयोगात तुलना गोंगाटाशी होती आणि बर्लिनमध्ये वाहनांच्या आवाजाने खिन्नता वाढलेली दिसली, हे विसरू नये. गोंगाट तसाच ठेवून त्यावर पावसाचा आवाज चढवणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे. आपल्या देशातल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ती पाळली गेली तर गल्लीतला दयाळ पक्षी आपोआप ऐकू येईल. पहाटे तो कल्याणात गातो, शहापुरात गातो. आपण तेव्हा टीव्ही आणि हॉर्न यांच्या स्वाधीन व्हायचे की नाही, एवढाच प्रश्न. आणि सिद्धगडावर जायचेच असेल, तर ब्लूटूथचा स्पीकर घरी ठेवून जावे. ओढ्याकाठी शीळ घालणारा कस्तूर ऐकायचा म्हणून इतके चढायचे आणि त्याच्यावर गाणी लावायची, तर तो रानाला गोंगाट होतो, वाडीला त्रास होतो आणि आपला राखणदार घरून निघाला तेवढाच ताठ परततो.