म्हशीच्या पोटाला पित्ताशयाचे ठिगळ

बडोद्यात समा ओलांडून सावलीच्या रस्त्याला लागले की सोसायट्या मागे पडतात आणि दुधाची गावे सुरू होतात. इथल्या गोठ्यात ऊती अभियांत्रिकीचा विषय काढला, तर प्रयोगशाळेत वाढवलेल्या यकृताची चित्रे डोळ्यांपुढे आणून उपयोग नाही. गोठ्याची अडचण वेगळी असते. दुसऱ्या जनावराचे शिंग लागून म्हशीची पोटाची भिंत फाटते. वासराची बेंबी मिटत नाही. चाऱ्याबरोबर गिळलेली तार जाळीपोटातून पुढे घुसते आणि श्वासपटलाला भोक पडते. भोक लहान असेल तर टाके पुरतात, तिथे ठिगळाचे कौतुक नको. पण हर्नियाचे तोंड रुंद असले, कडा जुन्या होऊन कडक झाल्या असल्या, की ताणून घातलेले टाके मांस कापत सुटतात. माणसाला शस्त्रक्रियेनंतर पडून राहायला सांगता येते. म्हैस लगेच उभी राहते, आणि शंभर लिटरहून अधिक मावणाऱ्या कोठीपोटाचा भार थेट त्या टाक्यांवर येतो. प्लॅस्टिकची जाळी हा भार पेलते, पण गोठ्याच्या शेणामुतात जखम चिघळली की जंतू जाळीतच ठाण मांडतात, आणि आतडी तिला चिकटण्याची भीती वेगळीच. म्हणून काही महिन्यांत स्वतः विरून जाईल आणि आपल्या जागी जनावराचीच ऊती उभी करील, असे ठिगळ हवे. माझ्या मते आपल्याकडे या शास्त्राची पहिली खरी जागा इथे आहे.

बरेलीजवळच्या इज्जतनगरला, भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत, म्हशीच्या पित्ताशयापासून आणि हृदयावरणापासून अशी पटले केली गेली आहेत. कृती ऐकायला सोपी वाटते. कत्तलखान्यातून आणलेले पित्ताशय चिरून हिरवे पित्त काढून टाकायचे, मग ते क्षारांच्या द्रावणात सतत ढवळत ठेवायचे. त्यासाठी वापरले जाणारे सोडियम डीऑक्सिकोलेट हा पित्तातल्याच एका आम्लाचा क्षार. म्हणजे पित्ताशय धुवायचे ते जवळजवळ पित्तानेच! हा क्षार पेशींची आवरणे विरघळवतो. धुता धुता पिवळट-हिरवी झाक उतरते आणि हातात पांढरे, लवचीक पटल येते. पण नुसत्या डोळ्यांवर भिस्त ठेवून चालत नाही. पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की कोलॅजेनचे तंतू गुलाबी दिसतात, आणि पेशी उरल्या असतील तर त्यांची केंद्रके जांभळ्या ठिपक्यांनी चुगली करतात. धुणे कमी झाले तर शरीर त्या उरलेल्या पेशींवर तुटून पडते. जास्त झाले तर वाढीला चालना देणारी प्रथिनेही वाहून जातात. टिकाऊपणासाठी ग्लुटराल्डिहाइड जास्त वापरले, तर वेगळाच घोटाळा होतो. कातडी कमावायलाही हेच रसायन वापरतात. असे कमावलेले पटल शरीर विरघळवत नाही, त्याच्याभोवती कुंपण घालून त्याला एकटे पाडते.

या विद्येत जनावर आजवर बहुतेक वेळा प्रयोगाचे मेज राहिले आहे. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात स्टीफन बॅडिलॅक (शिक्षणाने आधी पशुवैद्य, मग डॉक्टर) यांच्या गटाने आतड्याच्या आतल्या थराची नळी कुत्र्याच्या महाधमनीच्या जागी बसवली, आणि 1989मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. मोठी बाजारपेठ मात्र माणसांच्या रुग्णालयांत उभी राहिली. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डुकराच्या पित्ताशयापासून कोलेडर्म नावाचे पटल तयार झाले. त्याला 2023मध्ये मान्यता मिळाली, तीही माणसाच्या जखमांसाठी. गंमत अशी की डुक्कर, गाय, म्हैस, कुत्रा या सगळ्यांच्या पेशींवर अल्फा-गॅल नावाची एक शर्करा असते आणि माणसात ती नसते. म्हणून प्राण्यांच्या ऊतीविरुद्ध आपल्या रक्तात प्रतिपिंडे आधीपासून तयार असतात. म्हशीचे पटल वासराला लावताना हा एक अडसर मुळातच नाही.

आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. मेलेल्या जनावराचा अवयव आपल्या गाईच्या पोटात घालायला अनेक मालक तयार होणार नाहीत, गुजरातेत तर नाहीच. त्यांना पटवत बसण्यापेक्षा वार वापरणे मला शहाणपणाचे वाटते. जनावर व्यायले की वार पडते आणि ती पुरून टाकतात. तिच्यातले गर्भाभोवतीचे पातळ आवरण कुत्र्यांच्या डोळ्यांतल्या खोल जखमांवर वापरले गेले आहे, आणि त्यासाठी कुणाला मारावे लागत नाही. समाच्या फ्लॅटमधल्या पग जातीच्या कुत्र्याला त्याचा उपयोग होईल. म्हशीच्या पोटाचा भार मात्र ते आवरण एकट्याने पेलणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. दुसरा आक्षेप खर्चाचा. कच्चा माल जवळजवळ फुकटचा. पैसा जातो तो निर्जंतुकीकरणात आणि तपासणीत, आणि तिथे हात आखडता घेणे परवडणार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: पुरावा तोकडा आहे. प्रसिद्ध झालेल्या नोंदी बहुधा मोजक्या जनावरांच्या असतात, त्यांच्यावर फार काळ लक्ष ठेवलेले नसते आणि तुलनेला दुसरा गट क्वचितच असतो. हे खरे आहे, पण याचा इलाज प्रयोगशाळेत नाही. समाहून चाळीसेक किलोमीटरवर आणंदचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि दूध संघांचे पशुवैद्य गावोगाव जातातच. शस्त्रक्रिया झालेली म्हैस त्यांना पुन्हा दिसते. भोक केवढे होते, काय लावले, टाके कधी काढले, एवढे तिच्या कार्डावर असले, तर पुढची खरी नोंद ती पुन्हा गाभण राहिल्यावर करता येईल. शेवटच्या दोन महिन्यांत पोट खाली उतरते, आणि तेव्हा ती भिंत टिकली की नाही ते हात लावून कळते.