जीर्णोद्धारानंतरचीं दुखणीं

घराची डागडुजी काढली कीं गळकें छप्पर सुधारतें, पण त्याच आठवड्यांत माजघराचें दार चौकटींत अडूं लागतें, हा अनुभव कोणा गृहस्थास नाहीं? सुतार वाईट नसतो आणि घरहि वाईट नसतें. एक भाग नवा झाला म्हणजे शेजारच्या जुन्या भागांस त्याच्याशीं मेळ घालण्यास अवधि लागतो, इतकेंच. आज बहुतेक सुशिक्षित कुटुंबांत सर्वांच्या सामाईक वापराचा एक कॉम्प्युटर असतो. त्यावरील प्रणालीची जुनी आवृत्ति जाऊन नवी आली म्हणजे असेंच होतें. ज्या घरीं लिनक्स आहे तेथें या दुखण्यांचें निदान घरच्या घरीं करतां येतें, अशी आमची स्वानुभवानें खात्री झाली आहे. आम्ही या विद्येंतले पंडित नव्हों. आमचें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें. परंतु एका चुकीनें आम्हांस जो धडा दिला, तो इतरांच्या उपयोगीं पडेल म्हणून हा लेख.

लिनक्सचा परिचय थोडक्यांत असा. १९९१ सालीं फिनलंडांतील हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनीं प्रणालीचा एक गाभा रचण्यास घेतला व तो सर्वांस खुला केला. या गाभ्यास कर्नेल म्हणतात. त्याच्याभोंवतीं खिडक्या, ध्वनि, छपाई इत्यादि व्यवस्था जोडून निरनिराळ्या मंडळींनीं आपापले संच सिद्ध केले. त्यांपैकीं डेबियन हा संच १९९३ सालीं इयान मर्डॉक यांनीं आरंभिला. तो आजहि जगभरच्या स्वयंसेवकांच्या श्रमावर चालतो. आमच्या घरीं तोच आहे. याची नवी आवृत्ति सुमारें दोन वर्षांनीं निघते. ११ वी ऑगस्ट २०२१ मध्यें, १२ वी जून २०२३ मध्यें आणि १३ वी ऑगस्ट २०२५ मध्यें निघाली. जुन्या आवृत्तीच्या सुरक्षिततेची नियमित निगा कांहीं काळानें थांबते; ११ व्या आवृत्तीची ऑगस्ट २०२४ मध्यें थांबली. तेव्हां आवृत्ति बदलणें हा केवळ हौसेचा विषय नाहीं.

त्याच वर्षीं दिवाळीच्या सुटींत आम्हीं ११ वरून १२ वर जाण्याचा संकल्प केला. घरांतील यंत्रावर सूनबाईंचें कचेरीचें काम, नातवंडांचा अभ्यास आणि सर्वांत मोलाची वस्तु म्हणजे आमच्या ज्येष्ठ बंधूंनीं, दादांनीं, अकरा वर्षें खपून जुळविलेला कुलवृत्तान्त, चारशेंवर पानांचा. पालट सायंकाळपर्यंत निर्विघ्न पार पडला. आतां उगाच अडगळ नको, या विचारानें आम्हीं यंत्रास विचारलें कीं, नव्या भांडारांत ज्यांचा पत्ता लागत नाहीं अशीं जुनीं गांठोडीं कोणतीं. त्यानें लांबलचक यादी दिली. ती नीट न वाचतां आम्हीं सरसकट काढून टाकली. चालू कर्नेलवर हात पडतांच यंत्रानेंच हटकलें, म्हणून तेवढा वांचला. मग यंत्र बंद करून पुन्हां चालू केलें आणि पाहतों तों पडद्यावरील अक्षरें जाड व ओबडधोबड, वायफाय नाहींसें, आवाज मुका, आणि दादांच्या बाडाचीं पानें भलतीकडेच मोडूं लागलेलीं.

त्या रात्रीं आमची बुद्धि फिरली. सर्व पुसून प्रणाली नव्यानें घालावी म्हणजे कटकट संपेल, असें वाटून आम्ही स्थापनेचा पेनड्राइव्ह लावून बसलों. संपूर्ण तबकडी वापरावी, हा सोपा दिसणारा पर्याय आम्हीं निवडला. शेवटीं यंत्रानें प्रश्न केला कीं, हे बदल तबकडीवर लिहावेत काय? इतक्यांत दादा मागें येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, माझें बाड त्यांत आहे ना?" आमचा हात तेथेंच थांबला. त्या बाडाची दुसरी प्रत आम्हीं कोठेंहि काढून ठेविली नव्हती. त्या प्रश्नाचें उत्तर यंत्रानें आपण होऊन 'नाहीं' असें धरलेलें असतें. आम्ही तें 'होय' करण्याच्या बेतांत होतों. अकरा वर्षांचे श्रम एका अक्षराच्या अंतरावर होते.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं सूनबाईंनीं काम हातीं घेतलें. त्या म्हणाल्या, "बाबा, चार दुखणीं एका रात्रींत उद्भवलीं, म्हणजे मूळ एकच असण्याचा संभव आहे. पण तसें धरून चालायचें नाहीं. एकेक वेगळें करून पाहूं." हें ऐकून आम्ही मनांत ओशाळलों. दुर्बोध श्लोक पुढें आला म्हणजे आधीं पदच्छेद करा, मग अन्वय लावा, अर्थ शेवटीं सांगा, असें आम्ही जन्मभर विद्यार्थ्यांस बजावीत आलों. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हां श्लोकच फाडावयास निघालों होतों.

पहिला पदच्छेद कर्नेलचा. यंत्र चालू होतांना ग्रब नांवाची एक यादी दिसते. तिच्यांतील प्रगत पर्यायांत शिरलें कीं मागील कर्नेल निवडतां येतो. जुन्या कर्नेलखालीं दुखणें गेलें, तर दोष नव्या कर्नेलच्या जुळणीचा. आमचें वायफाय जुन्या कर्नेलखालींहि मुकेंच राहिलें. म्हणजे दोष दोन्ही कर्नेलांस समान अशा कोणत्या तरी वस्तूंत होता. या एका परीक्षेसाठीं तरी, नवी आवृत्ति आठ पंधरा दिवस सुरळीत चालेपर्यंत, जुना कर्नेल काढूं नये.

दुसरा पदच्छेद यंत्राच्या रोजनिशीचा. लिनक्स आपल्या प्रत्येक अडचणीची नोंद ठेवतो. 'जर्नलसीटीएल' ही आज्ञा दिली कीं ती वाचावयास मिळते. तेथें स्वच्छ लिहिलें होतें कीं, वायफायचें फर्मवेअर सांपडलें नाहीं, आणि चित्रपत्त्याचेंहि सांपडलें नाहीं. फर्मवेअर म्हणजे त्या त्या उपकरणाच्या पोटांत भरावयाच्या सूचना. त्यांच्यावांचून उपकरण धडधाकट असूनहि काम करीत नाहीं. आतां उलगडा झाला. डेबियनच्या १२ व्या आवृत्तीपासून हीं फर्मवेअरचीं गांठोडीं 'नॉन-फ्री-फर्मवेअर' नांवाच्या स्वतंत्र दालनांत ठेवण्यांत आलीं. त्या दालनाचें नांव आम्हीं भांडारांच्या यादींत घातलें नव्हतें. सबब यंत्रास त्यांचा पत्ता लागेना, तीं निराधार ठरलीं, आणि आमच्या केरसुणीनें तीं झाडून नेलीं. आवृत्तीसमवेत प्रसिद्ध झालेल्या टिपणांत ही गोष्ट स्पष्ट सांगितलेली होती. प्रश्नपत्रिका आधीं पूर्ण वाचा, असें ज्यानें मुलांस पिढ्यानुपिढ्या सांगितलें, त्यानेंच टिपण वाचलें नव्हतें.

वायफाय नाहीं तर फर्मवेअर आणावें कोठून? सूनबाईंनीं आपला मोबाईल तारेनें यंत्रास जोडला व त्याचें इंटरनेट वापरलें. यादींत दालनाचें नांव घालून भांडाराची नोंद ताजी केली, गेलेलीं दोन्ही गांठोडीं परत आणलीं आणि यंत्र पुन्हां चालू केलें. पडदा स्वच्छ झाला व वायफाय लागलें. काम पाव तासाचें. आमची रात्र मात्र व्यर्थ गेली.

आवाजाची कथा निराळी निघाली. बाराव्या आवृत्तींत ग्नोम या नेहमींच्या मेजासाठीं पल्सऑडिओच्या जागीं पाइपवायर ही नवी ध्वनिव्यवस्था आली. तिनें आवाज पडद्याच्या तारेंतून बाहेर धाडला होता, आणि आमच्या पडद्यास स्पीकरच नाहीं! सेटिंग्ज, मग ध्वनि, मग निर्गमाचें साधन, या वाटेनें जाऊन योग्य स्पीकर निवडतांच काम झालें. म्हणून आवाज नाहींसा झाला तर प्रथम तो कोठें जात आहे तें पाहावें, काढणें-घालणें नंतर.

दादांच्या बाडाची गति आमच्या केरसुणीमुळेंच झाली होती. त्यांनीं वापरलेला देवनागरी फाँट एका जुन्या गांठोड्यांतून आलेला होता. तेंहि आम्हीं काढलें. फाँट नसला म्हणजे लिबरऑफिस दुसरा फाँट लावून मजकूर दाखवितें. अक्षरांची रुंदी बदलते, ओळी हलतात, पानें वाढतात. मजकूर मात्र अभंग असतो. अशा वेळीं घाबरून ओळी दुरुस्त करीत बसूं नये. आम्हीं तो फाँट मिळवून दादांच्या खात्यांतील फाँटांच्या कप्प्यांत ठेविला आणि पानें जागच्या जागीं आलीं. मराठी टंकन बंद पडल्यास कळफलकाच्या सेटिंग्जमध्यें मराठी हें निवेशाचें साधन यादींत आहे कीं नाहीं तें पाहावें. नसल्यास आयबस-एम१७एन हें गांठोडें घालून एकदां खात्यांतून बाहेर पडून पुन्हां आंत यावें.

घरोघर उपयोगीं पडतील अशा आणखी कांहीं परीक्षा सांगतों. परवलीचा शब्द बरोबर देऊनहि यंत्र पुन्हां प्रवेशद्वाराशींच आणून सोडीत असेल, तर तबकडी गच्च भरल्याचा संशय घ्यावा. कंट्रोल, आल्ट व एफ३ हीं बटणें एकत्र दाबलीं कीं साधा अक्षरांचा पडदा येतो. तेथून आंत शिरून उतरवून घेतलेल्या गांठोड्यांचा जुना साठा रिकामा करावा. एकाच व्यक्तीच्या खात्यांत बिघाड दिसत असेल, तर एक नवें खातें उघडून पाहावें. तेथें सर्व ठीक चाललें, तर प्रणाली निर्दोष आहे. दोष त्या व्यक्तीच्या जुन्या आवडीनिवडींच्या नोंदींत आहे. प्रिंटर हट्टास पेटला तर त्याची रांग थांबलेली नाहीं ना तें पाहावें. थांबली नसूनहि छापीत नसेल, तर त्याची जुनी नोंद काढून पुन्हां जोडावा. अलीकडचे पुष्कळ प्रिंटर स्वतंत्र ड्रायव्हरवांचूनच चालतात. जुनी नोंद मात्र आडवी येऊं शकते. आणि एका वेळीं एकच बदल करून तो वहींत टिपून ठेवावा. चार औषधें एकदम पोटांत गेलीं तर गुण कशानें आला हें वैद्यासहि सांगतां येत नाहीं.

१२ वरून १३ वर जाणाऱ्यांस दोन सूचना. ११ वरून एकदम १३ वर उडी घेऊं नये. पायरी पायरीनेंच जावें. आणि घरांतील यंत्र जुनें ३२ बिटांचें असल्यास १२ व्या आवृत्तीवरच थांबावें, कारण १३ व्या आवृत्तींत अशा यंत्रांकरितां कर्नेल व स्थापनेची सोय राहिलेली नाहीं.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पालटाच्या आधींची आहे. घरांतील प्रत्येकाचे कागद बाहेरच्या तबकडीवर उतरवावेत, ते तेथून उघडतात कीं नाहीं तें उघडून पाहावें, टिपण वाचावें, आणि मगच यंत्रास हात लावावा. प्रणाली मोफत आहे व केव्हांहि पुन्हां मिळते. घरच्या माणसानें लिहिलेलें पान मात्र त्या माणसावांचून कोणी पुन्हां देऊं शकत नाहीं. आमच्याकडे आतां कुलवृत्तान्ताच्या दोन प्रती निराळ्या ठिकाणीं असतात आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं नात त्या ताज्या करते.

हा लेख आम्हीं दादांस वाचून दाखविला. ते ऐकून म्हणाले, "कुलवृत्तान्तांत तुझ्या नांवापुढें निवृत्त शिक्षक एवढेंच लिहिलें आहे. प्रस्तावना न वाचतां ग्रंथ उघडणारा, हें लिहावयाचें मी राहूं देतों." आम्हीं मान खालीं घालून त्यांचे आभार मानले.