फिल्टर घेण्याआधी पाणी तपासा

बारामती-इंदापूर पट्ट्यात कुठेही बोअरचं जड पाणी स्वयंपाकघरातच ओळखू येतं. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, पातेल्याला पांढरा थर धरतो. तो कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचा.

१८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू झाला आणि या दुष्काळी भागात बागायत आली. भारी काळ्या जमिनीत पाणी मुरत गेलं, उन्हाने उडून गेलं, क्षार मागे राहिले. त्यात उसाला टाकलेल्या युरियापासून मातीत तयार होणारं नायट्रेट भूजलात उतरतं. त्याला रंग नाही, वासही नाही.

विक्रेता टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतो. हे मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. जंतू आहेत का, नायट्रेट किती, हे त्यातून कळत नाही. भारतीय मानकानुसार टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतो. नायट्रेटला मात्र ४५ च्या वर सवलत नाही, कारण तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद ते कमी करतं. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट तसंच राहतं, पाणी आटलं तर त्याचं प्रमाण वाढतं.

त्यामुळे दोष पाहून यंत्र निवडावं. नळाचं पाणी कमी क्षारांचं असेल, भीती फक्त जंतूंची असेल, तर यूव्ही म्हणजे अतिनील किरणांचं यंत्र पुरे. मात्र पाणी गढूळ असेल तर किरण जंतूंपर्यंत नीट पोचत नाहीत, आधी गाळावं लागतं. यूएफची जाळी विजेशिवायही बहुतेक जीवाणू अडवते, क्षार अडवत नाही. कार्बन क्लोरीनचा वास घालवतो. क्षार किंवा नायट्रेट जास्त असेल तर आरओ लागतो. पण घरगुती आरओ एका लिटरमागे अनेकदा दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. ते फरशी पुसायला, संडासात वापरावं.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासतात. पाणी कुठे, कसं द्यायचं ते ग्रामपंचायतीत विचारावं. टीडीएस, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतू, एवढं तपासायला सांगावं. पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात पाणी बदलतं, म्हणून दोन्ही वेळा तपासावं. हजारो रुपये यंत्रावर घालण्याआधी तो अहवाल हातात असू द्या, आणि घरात तान्हं बाळ असेल तर नायट्रेटचा आकडा सर्वांत आधी वाचा.