एका कॉमाची किंमत

मुलांना इंग्रजी यावे म्हणून आज प्रत्येक घरात धडपड चालते. स्पेलिंग चुकले तर तोच शब्द दहादा लिहायला लावतात. परंतु कॉमा कुठे दिला, फुलस्टॉप कुठे राहिला, हे सहसा कोणी पाहत नाही. परळ-लालबागच्या चाळींतून लोकांचे नोकरीचे, फंडाचे, घराचे अर्ज लिहून देताना ही उणीव आम्हाला वारंवार दिसते. शब्द बरोबर असतात, पण अर्थ भलताच निघतो.

खरे म्हणजे ही चिन्हे मराठीतही इंग्रजीवरूनच रूढ झाली. मोडीत ओळ ओढून अक्षरे सलग लिहीत. कुठे थांबायचे ते वाचणाऱ्याने ठरवायचे. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी (१८०४-१८७७) यांनी इंग्रजी पद्धतीची विरामचिन्हे मराठीत आणली. तेव्हा स्वल्पविराम म्हणजेच कॉमा, अर्धविराम म्हणजेच सेमिकोलन. ओळख जुनीच आहे, सवय तेवढी हवी.

ऑफिसातले साधे वाक्य घ्या : ‘द क्लार्क सेड द ऑफिसर इज ऑन लीव्ह.’ येथे रजेवर साहेब आहेत. आता ‘क्लार्क’नंतर एक आणि ‘ऑफिसर’नंतर एक असे दोन कॉमा द्या. लगेच बोलणारे साहेब होतात आणि रजेवर जातो क्लार्क! एकही शब्द बदलला नाही.

अ‍ॅपॉस्ट्रॉफीचेही तसेच. ‘वर्कर्स ड्यूज’ असे लिहिताना ते चिन्ह शेवटच्या ‘एस’च्या आधी आले तर थकबाकी एका कामगाराची, ‘एस’च्या नंतर आले तर सर्व कामगारांची. कानाला दोन्ही सारखेच, कागदावर मात्र फरक मोठा. युनियनचे निवेदन लिहिणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

हा वाद कोर्टापर्यंतही जातो. महाराष्ट्रातील एका फौजदारी खटल्यात औषधविषयक कायद्याचे कलम २७ सर्वोच्च न्यायालयापुढे आले. त्यात ‘साठा’ या अर्थाच्या शब्दानंतर कॉमा नव्हता. म्हणून १९७९ साली न्यायालयाने ‘विक्रीसाठी’ हे शब्द साठ्यालाही लागू धरले. नुसता साठा जवळ असणे पुरेसे नाही, तो विक्रीसाठी आहे हे सिद्ध झाले पाहिजे, असा त्याचा अर्थ झाला. कायद्याचा अर्थ केवळ चिन्हांवरून लावत नाहीत हे खरे. पण शंका आली की चिन्हाकडेही पाहावे लागते.

अमेरिकेतील मेन राज्यात तर ओकहर्स्ट डेअरीच्या ड्रायव्हरांचा ओव्हरटाइमच एका कॉमावर अडला होता. ओव्हरटाइम न देण्याच्या कामांच्या यादीत शेवटच्या ‘ऑर’पूर्वी कॉमा नव्हता. त्यामुळे माल पोचवणे हे वेगळे काम, की पोचवण्यासाठी पॅकिंग करणे एवढेच, हे स्पष्ट होईना. ड्रायव्हर माल पोचवीत, पॅकिंग करीत नसत. २०१७ साली अपील न्यायालयाने कौल ड्रायव्हरांच्या बाजूने दिला. २०१८ साली ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

चिन्हांचा उत्तम वापर पाहायचा असेल तर आपल्या संविधानाची इंग्रजी उद्देशिका उघडा. ती संपूर्ण एकच वाक्य आहे. फुलस्टॉप फक्त शेवटी. ‘आम्ही’ म्हणजे कोण, हे दोन कॉमांच्या मध्ये सांगितले आहे : भारताचे लोक. ‘नागरिकांना’ या अर्थाच्या शब्दानंतर कोलन येतो, म्हणजे काय देणार ते पुढे ऐका. मग न्याय, स्वातंत्र्य आणि समता, प्रत्येकीनंतर सेमिकोलन. प्रत्येकीला स्वतंत्र जागा, तरी सगळ्या एकाच संकल्पात बांधलेल्या. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या १९४६ सालच्या ग्रंथाच्या नावातही प्रश्नचिन्ह ठेवले : ‘हू वेअर द शूद्राज?’ शूद्र कोण होते, हा प्रश्न शतकानुशतके कोणी विचारू दिला नव्हता. तो त्यांनी मुखपृष्ठावरच विचारला.

म्हणून पालकांना आमचे सांगणे एवढेच. रोज संध्याकाळी मुलाकडून इंग्रजीचा एक परिच्छेद मोठ्याने वाचून घ्या आणि प्रत्येक चिन्हाशी थांबायला लावा. मग तोच परिच्छेद चिन्हांशिवाय उतरवून द्या आणि चिन्हे त्यालाच घालू द्या. आपल्याला इंग्रजी येत नसले तरी पुस्तकाशी ताडून पाहता येते. यासाठी शिकवणीचा एक पैसाही लागत नाही. उद्या त्याच्या हाताखालून अर्ज जातील, करार जातील. त्यात काय लिहिले आहे हे दुसऱ्याला विचारण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये.