एंडोस्कोपीतली गुंगी : समज आणि वस्तुस्थिती

नागपूरचा लकडगंज लाकडाच्या बाजाराचा आणि आरा मशिनींचा. इथल्या कुणाला पोटदुखीवर डॉक्टरांनी एंडोस्कोपी सांगितली, की नळीपेक्षा धास्ती गुंगीच्या इंजेक्शनची वाटते. मग चहाच्या टपरीवर सल्ले मिळतात. त्यातले काही तपासून पाहू.

गैरसमज : एंडोस्कोपी म्हणजे पूर्ण बेशुद्धी.
वस्तुस्थिती : जठराची तपासणी बहुधा ५ ते १० मिनिटांत आटोपते. अनेकांना घशात लिग्नोकेनचा फवारा पुरतो. गरज पडली तर मिडाझोलॅम, कधी जोडीला फेंटानिल, शिरेतून देतात. अशा हलक्या गुंगीत माणूस हाकेला ओ देतो, श्वासही स्वतःच घेतो. मिडाझोलॅममुळे नंतर अनेकदा आठवत मात्र नाही. म्हणून ‘मला काही कळलंच नाही’ म्हणणारा प्रत्यक्षात डॉक्टरांशी बोललेलाही असतो.

गैरसमज : एकदाच मोठा डोस दिला की काम भागते.
वस्तुस्थिती : प्रोपोफॉल हे दुधासारखे पांढरे औषध अर्ध्या-पाऊण मिनिटात गुंगी आणते आणि काही मिनिटांत उतरते. छोट्या तपासणीत ते थोडेथोडे, पुन्हा पुन्हा टोचतात. पित्तनलिकेतला खडा काढण्यासारखे काम लांबले, तर सिरिंज पंपाने सलग सोडतात. संत्र्याच्या बागेला पाटाने पाणी द्यावे की ठिबकने, तसा हा फरक. टोचण्यात गुंगी वरखाली होते. पंपात ती एकसारखी राहते, पण वेग वेळेवर कमी केला नाही तर औषध साचते. प्रत्येक रुग्णाला आणि प्रत्येक तपासणीला सरस ठरेल अशी एकच पद्धत नाही.

गैरसमज : संगणकी पंप लावला की चूक होत नाही.
वस्तुस्थिती : असा पंप वय, वजन वगैरे धरून रक्तातल्या औषधाचा अंदाज बांधतो. तो अंदाजच असतो, मोजमाप नव्हे. सारख्याच वजनाच्या दोघांना लागणारे औषध वेगळे असू शकते. बोटाला लावलेली क्लिप ऑक्सिजन दाखवते, पण श्वास मंदावल्यावर तिचा आकडा उशिरा घसरतो. बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ ते आधी टिपतो. म्हणून गुंगी खोल असेल तेव्हा फक्त रुग्णाकडे पाहणारी वेगळी प्रशिक्षित व्यक्ती हवी.

गैरसमज : गुंगी जास्त झाली तर उतारा असतोच.
वस्तुस्थिती : मिडाझोलॅमला फ्लुमाझेनिल आणि फेंटानिलला नॅलोक्सोन हा उतारा आहे. प्रोपोफॉलला नाही. ते उतरेपर्यंत श्वासाला आधार देणे हाच उपाय.

गैरसमज : सकाळी थोडे तर्री-पोहे चालतात.
वस्तुस्थिती : हलक्या जेवणानंतर किमान ६ तास आणि तेलकट खाण्यानंतर साधारण ८ तास पोट रिकामे लागते. साधे पाणी बहुधा २ तास आधीपर्यंत चालते. पोटात अन्न असताना गुंगीत उलटी झाली, तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते.

तपासणीआधी घोरण्याचा त्रास, दमा, दारूची सवय, झोपेच्या गोळ्या आणि आधीच्या भुलेचा अनुभव डॉक्टरांना सांगा. गुंगी कोण देणार आणि लक्ष कोण ठेवणार, हेही विचारा. घरी न्यायला कुणाला तरी सोबत आणा. डोळे उघडले तरी हात आणि नजर लगेच ताळ्यावर येत नाहीत. त्यामुळे पुढचे २४ तास गाडी चालवू नका आणि आरा मशीनला हात लावू नका.