अर्ध्या मिलिलिटरमध्ये चार लसी

मानमोडी अर्थात राणीखेत, गंबोरो, संसर्गजन्य ब्राँकायटिस, मरेक्स आणि अंडी घटवणारा ईडीएस या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगांवर औषध नाही. लस हाच उपाय. पण प्रत्येक रोगासाठी वेगळी लस टोचायची तर शेडमधले हजारो पक्षी पुन्हा पुन्हा पकडावे लागतात. या पकडापकडीत पक्षी बिथरतात, खाद्य कमी खातात, अंड्यावरच्या कोंबड्यांचे उत्पादन घसरते. मजुरी वाढते ती वेगळीच. संयुक्त लसींची गरज मुख्यतः येथून निर्माण झाली. मात्र चार लसी एका बाटलीत ओतल्या म्हणजे संयुक्त लस तयार होत नाही.

जिवंत लसींत ही अडचण लगेच दिसते. राणीखेतसाठी लासोटासारखा सौम्य विषाणू आणि ब्राँकायटिससाठी मॅसॅच्युसेट्स प्रकारचा क्षीण केलेला विषाणू एकाच थेंबातून डोळ्यात दिला जातो. दोघांनाही पक्ष्याच्या श्वसनमार्गातच वाढायचे असते. ब्राँकायटिसच्या विषाणूचे प्रमाण जास्त झाले तर तो राणीखेतच्या विषाणूची वाढ दडपतो आणि त्या रोगाविरुद्धची प्रतिकारशक्ती कमी पडते. म्हणून दोघांचे प्रमाण प्रयोगांनी ठरवावे लागते. घरच्या घरी दोन कुप्या एकत्र कालवण्याचा शहाणपणा नेमका येथे अंगाशी येतो.

मृत लसीत विषाणू वाढतच नाहीत, त्यामुळे ही चढाओढ टळते. प्रश्न उरतो तो जागेचा. अंड्यावर येण्याआधी, साधारण 16 ते 18 आठवड्यांच्या तलंगांना राणीखेत, ब्राँकायटिस, गंबोरो आणि ईडीएस यांची एकत्र लस टोचतात. मात्रा फक्त अर्धा मिलिलिटर. तेवढ्यात चारही प्रतिजने पुरेशी बसवायची तर प्रत्येक विषाणू आधी भरपूर वाढवून संहत करावा लागतो. राणीखेत आणि ब्राँकायटिसचे विषाणू कोंबडीच्या भ्रूणयुक्त अंड्यांत वाढवतात. ईडीएसचा विषाणू बदकाच्या अंड्यांत अधिक जोमाने वाढतो. मग फॉर्मलिनसारख्या रसायनाने विषाणू निष्क्रिय करून त्यांचे खनिज तेलात दुधाळ पायस बनवतात. तेलामुळे प्रतिजने हळूहळू मोकळी होतात आणि प्रतिपिंडे दीर्घकाळ टिकतात. ती बलकातून पिल्लांनाही मिळतात. पायस फ्रिजमधून काढल्यावर घट्ट असते; ते खोलीच्या तापमानाला आणून, हलवूनच टोचायचे असते.

परवानगीपूर्वीच्या चाचण्यांत चारही घटकांची परीक्षा स्वतंत्रपणे होते. एका घटकाचा उत्तम निकाल दुसऱ्याच्या उणिवेची भरपाई करू शकत नाही. लस दिलेल्या आणि न दिलेल्या पक्ष्यांना खऱ्या विषाणूची लागण करून किंवा रक्तातील प्रतिपिंडे मोजून संरक्षण तपासले जाते.

अलीकडचा मार्ग वाहक विषाणूचा आहे. टर्कीतला एक निरुपद्रवी नागीणवर्गीय विषाणू, एचव्हीटी, 1970 च्या सुमारापासून मरेक्सची लस म्हणून वापरला जातो. मरेक्समध्ये गाठी होतात, म्हणजे हा कर्करोगच. त्यावरची ही पहिल्या यशस्वी लसींपैकी एक. या विषाणूच्या जनुकसंचात गंबोरोच्या व्हीपी-2 प्रथिनाचे जनुक घातले की एकाच टोचणीत दोन रोगांवर संरक्षण मिळते. शिवाय तो पेशींत दडून वाढतो, त्यामुळे आईकडून आलेली प्रतिपिंडे त्याला फारशी अडवू शकत नाहीत. हॅचरीत 18 दिवसांच्या अंड्यात किंवा एक दिवसाच्या पिल्लाच्या मानेच्या कातडीखाली ही लस देता येते. ती उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात आणि वितळवल्यावर लवकर संपवावी लागते.

गंबोरोची एचव्हीटी लस आणि राणीखेतचे एफ जनुक असलेली एचव्हीटी लस एकत्र दिली तर दोन्ही वाहक एकमेकांशी झगडतात. म्हणून दोन्ही जनुके एकाच वाहकात बसवलेल्या लसी आल्या. त्यांचे राणीखेतविरुद्धचे संरक्षण पक्के व्हायला तीन-चार आठवडे लागतात. मधल्या काळासाठी जिथे रोगाचा धोका मोठा असतो तिथे पिल्लांना राणीखेतची जिवंत लसही द्यावी लागते.