मालाला पहारा, ड्रायव्हरला दुवा

20 जुलै 2004 रोजी इराकमध्ये एका फिलिपिनो ट्रक ड्रायव्हरची सुटका झाली. फलुजाजवळ पकडलेल्या या आठ मुलांच्या बापासाठी फिलिपाइन्सने इराकमधलं आपलं सगळं सैन्य, म्हणजे जेमतेम पन्नासेक माणसं, ठरल्या मुदतीआधीच माघारी बोलावलं होतं. वॉशिंग्टन चिडलं, मनिलात आनंदीआनंद झाला. दुसऱ्याच दिवशी नवी चित्रफीत आली. तिच्यात सात ड्रायव्हर होते. तीन भारतीय, तीन केनियन, एक इजिप्शियन, आणि सगळे कुवेतच्या एकाच वाहतूक कंपनीचे.

आपले तिघे हिमाचलातल्या उना आणि पंजाबातल्या रोपड भागातले. दिल्लीत सरकार बदलून दोनच महिने झाले होते. ओमानमधले राजदूत तल्मीझ अहमद यांना बगदादला धाडण्यात आलं. घरच्यांनी सहा आठवडे देव पाण्यात घालून काढले. 31 ऑगस्टला दुसऱ्या एका गटाने 12 नेपाळी मजुरांना ठार मारल्याची बातमी आली आणि तिकडे काठमांडू पेटलं. 1 सप्टेंबरला हे सातही जण सुटले. पाच लाख डॉलरहून जास्त खंडणी मोजल्याचं कंपनीकडून सांगण्यात आलं. त्याच वर्षी भारताने आपल्या नागरिकांना इराकला जायला बंदी घातली. बंदी कागदावर सोपी असते. कुवेतच्या व्हिसावर गेलेल्या माणसाला मालक उद्या कुठल्या खेपेवर पाठवील, हे भारतातल्या विमानतळावर बसलेल्या अधिकाऱ्याला कसं कळणार?

गेल्या वीस-बावीस वर्षांतल्या युद्धांचा हिशेब सैनिक, रणगाडे आणि करारांच्या भाषेत पुष्कळदा मांडला गेला आहे. त्या युद्धांना लागणारं डिझेल, पीठ, सिमेंट आणि पाण्याच्या बाटल्या सरहद्दीपलीकडे नेणारा माणूस त्यात तळटीपेपुरता येतो. त्याचं रक्षण करायचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. झाले, आणि त्यांवर अफाट पैसाही उडाला. तो पैसा कुणापर्यंत पोचला, एवढंच पाहायचं आहे.

पहिला प्रयत्न लष्करी संरक्षणाचा. 9 एप्रिल 2004, गुड फ्रायडे. केबीआर या अमेरिकी कंपनीचे ड्रायव्हर इंधनाचे टँकर घेऊन बगदाद विमानतळाकडे निघाले. टँकर लष्कराचे, रंगही लष्करी, चालवणारे मात्र नागरिक. टँकरला चिलखत नाही, ड्रायव्हरच्या हाती शस्त्र नाही. सोबत सैनिक होते, तरी अबू गरीबजवळ ताफा सापळ्यात सापडला. सहा ड्रायव्हर मेले, एक बेपत्ता झाला. थॉमस हॅमिल हा ताफ्याचा प्रमुख जखमी अवस्थेत पकडला गेला आणि 2 मे रोजी स्वतःच निसटला. त्या रस्त्यावर लढाई पेटलेली असताना ताफा सोडलाच का, यावरून कुटुंबीयांनी कंपनीला कोर्टात खेचलं. ते खटले वर्षानुवर्षं चालले. बाकी काही नसलं तरी ड्रायव्हर अमेरिकी असल्यामुळे खटला तरी उभा राहिला. परदेशी कामगारांनाही विमा मिळाला पाहिजे असं सांगणारा अमेरिकी कायदा 1941 पासून आहे. पण 2009 मध्ये अमेरिकी पत्रकारांनी शोध घेतला, तेव्हा परदेशी कामगारांचे असे कितीतरी मृत्यू आणि अपघात विम्याच्या दप्तरात नोंदलेच गेले नसल्याचं उघड झालं. विधवेला हक्क आहे हे विधवेला सांगायचं कुणी, हा प्रश्न कुठल्याच कलमात नव्हता.

2004 साली एकच उपाय खरोखर रोखठोक होता आणि तो वाहतूकदारांनी स्वतः केला. एका तुर्की कामगाराच्या हत्येची चित्रफीत ऑगस्टच्या सुरुवातीला आली, तेव्हा तुर्की मालवाहतूकदारांच्या संघटनेने इराकमधल्या अमेरिकी फौजांचा माल उचलायचं थांबवलं. तुर्की-इराक सरहद्दीवरच्या हाबूरच्या नाक्यावरून बाकी माल जातच राहिला, कारण पोट कुणाला चुकलेलं नाही. दहा वर्षांनी, जून 2014 मध्ये, मोसूल पडलं तेव्हा तिथल्या वीजकेंद्रासाठी डिझेल घेऊन गेलेले तीसहून अधिक तुर्की ड्रायव्हर इसिसच्या हाती सापडले. जुलैच्या सुरुवातीला ते सुटले.

अफगाणिस्तानात हा खेळ फार मोठा झाला. देशाला समुद्र नाही. 2008च्या सुमारास नाटोचा निम्म्याहून खूप जास्त माल कराची बंदरात उतरून तोरखम किंवा चमनच्या नाक्यावरून आत जाई. गाड्या पाकिस्तानी, ड्रायव्हर बहुतेक पठाण, आणि माल ज्यांच्यासाठी जातोय त्यांच्याविषयी वाटेवरच्या गावांत रोष. डिसेंबर 2008 मध्ये पेशावरच्या वाहनतळांवर हल्ले होऊन शंभराहून अधिक गाड्या एका रात्रीत जळाल्या. फेब्रुवारी 2009 मध्ये खैबरमधला पूलच उडवला. सप्टेंबर 2010 च्या अखेरीस नाटोच्या हेलिकॉप्टरांच्या माऱ्यात पाकिस्तानी जवान मेले, म्हणून पाकिस्तानने तोरखम बंद केलं. मग जे व्हायचं तेच झालं. रस्त्यात अडकलेले टँकर शिकारपूर, इस्लामाबाद, क्वेट्टा, नौशेरा अशा ठिकाणी दहा दिवसांत एकामागून एक पेटवले गेले. (आधी तेल विकायचं, मग रिकामा टँकर पेटवून भरपाई मागायची, असेही प्रकार असल्याची कुजबुज होतीच. युद्धात आगीचेही भाव ठरतात.) 26 नोव्हेंबर 2011 ला सलाला चौकीवर नाटोच्या हल्ल्यात 24 पाकिस्तानी सैनिक मरण पावले आणि रस्ता सात महिने बंद झाला. अमेरिकेच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी दिलगिरी व्यक्त केल्यावर जुलै 2012 मध्ये तो उघडला. दोन्ही सरकारांची भांडणं प्रत्येक गाडीमागे किती डॉलर घ्यायचे यावरही चालली होती. त्या सात महिन्यांचं ड्रायव्हरचं भाडं मात्र कुणाच्याच वाटाघाटीत नव्हतं.

सरहद्दीच्या अलीकडचा बंदोबस्त असा, तर पलीकडचा अमेरिकेने चक्क कंत्राटात घातला. 2.16 अब्ज डॉलरचं, आठ कंपन्यांना वाटून दिलेलं ते काम. अमेरिकी तळांवर जाणारा सुमारे 70 टक्के माल त्यातून जाई. अट अशी, की वाटेतली सुरक्षा वाहतूकदाराने आपली आपण पाहायची. जगातलं सर्वांत बलाढ्य लष्कर आपल्या मालाच्या राखणीची जबाबदारी ट्रकवाल्यांवर टाकून मोकळं झालं. काबूल-कंदाहार रस्त्यावर खासगी सेनापतींनी दर लावले, गाडीमागे दीड हजार डॉलरपर्यंत. जॉन टियर्नी यांच्या अध्यक्षतेखालच्या अमेरिकी संसदीय उपसमितीने जून 2010 मध्ये अहवाल दिला, त्यात हे सगळं लिहिलं आहे. हा पैसा सरदारांच्या खिशात जातो आणि बहुधा तालिबानपर्यंतही पोचतो, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे ज्या हप्त्याने गाडी वाचली, त्याच हप्त्यातून पुढच्या गाडीवर झाडायची गोळी आली असणार. सुरक्षेच्या नावाखाली चाललेला यापेक्षा आतबट्ट्याचा व्यवहार माझ्या वाचनात नाही.

भारताचीही त्या देशात एक जखम आहे. निमरूझ प्रांतात सीमा रस्ते संघटनेने बांधलेला झरांज-देलाराम हा दोनशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता. 2005 मध्ये तिथल्या आपल्या एका ड्रायव्हरला तालिबानने पळवून ठार केलं. मग रक्षणाला इंडो-तिबेट सीमा पोलिसांचे जवान गेले. रस्ता 2009च्या जानेवारीत अफगाणिस्तानच्या हवाली झाला, तोवर आपले काही जवान-कामगार आणि शंभराहून अधिक अफगाण त्यापायी गेले होते.

हे सगळं वाचताना मला लमाणांचे तांडे आठवतात. दख्खनच्या लढायांत बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य नेणाऱ्या या लोकांना दोन्ही फौजा सहसा हात लावत नसत. दयाबुद्धी हे त्यामागचं कारण नव्हतं. आज पलीकडच्या छावणीत गेलेलं धान्य उद्या आपल्याकडे यायला हवं, एवढाच रोखठोक हिशेब. इराक-अफगाणिस्तानात ताफा एकाच बाजूचा होता, म्हणून कितीही बंदुका सोबत दिल्या तरी तो निशाणाच राहिला. याच्या उलटचा पुरावा इसिसनेच दिला. बगदाद-अम्मान महामार्ग त्यांच्या ताब्यात असताना ट्रकवाल्यांकडून ते कर घेत आणि पावती देत, म्हणजे पुढच्या नाक्यावर दुसऱ्यांदा द्यायला लागू नये. गाडी चालती राहण्यात त्यांचा पैसा होता. हे उत्पन्न तोडण्यासाठी इराकने 2015च्या जुलैत जॉर्डनच्या सरहद्दीवरचा तरेबीलचा नाका बंद केला, तो 2017च्या ऑगस्टअखेर उघडला.

आपल्या ताबारेषेवरचा व्यापारही याच हिशेबावर उभा होता. 21 ऑक्टोबर 2008 पासून उरीजवळचं सलामाबाद आणि पूंछजवळचं चकां-दा-बाग इथून ट्रक पलीकडे जायचे. पैसा नाही, बँक नाही, ठरावीक 21 प्रकारच्या मालाची अदलाबदल. ड्रायव्हरने परवान्यावर पलीकडच्या केंद्रात जायचं, माल उतरवायचा, परत फिरायचं. गोळीबाराने व्यापार मधूनमधून थांबे, पण तो दोघांनाही हवा होता, म्हणून पुन्हा सुरू होई. ड्रायव्हरची खरी अडचण निराळीच निघाली. जानेवारी 2014 मध्ये पलीकडून आलेल्या बदामाच्या गाडीत मोठा अमली साठा सापडला. अटक झाली ड्रायव्हरला. त्याला सोडा म्हणून पलीकडच्यांनी आपल्या गाड्या अडकवल्या, आपण त्यांच्या. दोन्ही बाजूंचे मिळून सत्तरहून अधिक ट्रक आणि त्यांचे ड्रायव्हर काही आठवडे परक्या मुलखात बसून राहिले. एप्रिल 2019 मध्ये शस्त्रं, अमली पदार्थ आणि बनावट नोटांचं कारण देऊन भारताने हा व्यापार स्थगित केला.

आता हीच गोष्ट पश्चिम आफ्रिकेत चालू आहे. 2021च्या सप्टेंबरात मालीमध्ये दोन मोरोक्कन ड्रायव्हरांना गोळ्या घातल्या गेल्या. 2025 मध्ये तिथल्या जिहादी गटाने राजधानी बामाकोकडे येणारं इंधनच रोखलं. सेनेगल आणि आयव्हरी कोस्टकडून येणारे टँकर जळू लागले, सैन्याच्या पहाऱ्यात ताफे निघू लागले, इंधनाअभावी देशभरच्या शाळा दोन आठवडे बंद राहिल्या. माल एका बाजूचा, पहारा त्याच बाजूचा, गणित इराकमधलंच.

दर्यावर्दी या बाबतीत पुढे गेले. सोमाली चाच्यांच्या काळात ओलिस राहिलेल्या खलाशांचे पगार बंद झाले, घरं उघड्यावर आली. त्यातून धडा घेऊन सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारात 2018 साली दुरुस्ती झाली आणि 2020च्या डिसेंबरात ती लागू झाली. खलाशी चाच्यांच्या कैदेत असेपर्यंत त्याचा पगार मालकाने चालू ठेवायचाच. ट्रकच्या मालासाठीही आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे. 1975 चा टीआयआर करार, ज्यात 2017 साली भारतही सामील झाला, कंटेनरचं सील सरहद्दीवर फोडलं जाऊ नये याची काळजी घेतो. ट्रकच्या ड्रायव्हरसाठी खलाशासारखं बंधनकारक कलम अजून कुठेच नाही. भारत खलाशीही पुरवतो आणि ड्रायव्हरही. हे कलम मागण्याचा पहिला हक्क आपला आहे, आणि तो कामगार संघटनांनी आणि सरकारने जिनिव्हात, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेपुढे, बजावला पाहिजे.

तोपर्यंत रत्नागिरी, रायगड किंवा मराठवाड्यातून कुणी आखातात ड्रायव्हरकीला निघत असेल, तर घरातल्या शिकल्यासवरल्या माणसाने त्याचा करार एकदा नीट वाचून पाहावा. गाडी कोणकोणत्या देशांत न्यायची ते नावानिशी लिहिलंय का, खेप नाकारली तर पासपोर्ट कुणाच्या हातात राहणार, आणि विम्यातून युद्धाचा धोका वगळलाय का, ही तीन उत्तरं मिळाल्याशिवाय सही करू देऊ नये.